पुलाच्या अलीकडे

“कुठंही धार ठेवायची न्हाई, राजू. बोट फिरवलं की पाण्यावरनं फिरल्यागत वाटलं पाहिजे.”

हे म्हणताना आव्वांचा अंगठा हवेतच फिरायचा. आव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं. कुणाकडे तार ओढतात, कुणाकडे घुंगरू जोडतात, आमच्या घरी पॉलिश व्हायचं. सोप्यात खिडकीखाली बफची, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकाची मोटर, शेजारी रिठ्याच्या पाण्याचं घमेलं, आणि मागच्या पडवीत मुलामा चढवायची टाकी. टाकी माझ्या मालकांच्या ताब्यात, मोटर माझ्या. पैंजण पायात जातं, त्यावरनं साडीचा काठ फिरतो, लहान पोरीच्या घोट्याची कातडी नाजूक असते. म्हणून धार नको. लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात माझ्याही अंगठ्याला ते उमगलं. डोळ्यांना दिसायच्या आधी धार अंगठ्याला सापडायची.

त्या वर्षी चातुर्मासात एका दुपारी मी मोटर बंद करून हात धूत होते, तेवढ्यात दत्तूमामा दारात उभे राहिले. हातात पितळी जेवणाचा डबा.

दत्तूमामा खराडे ओढ्यापलीकडच्या माळवाडीचे. फौजेतून हवालदार होऊन परतलेले आणि तिथल्या इनामदारांकडे राखणीला राहिलेले. आमच्या मालकांची, धनपालांची आणि त्यांची ओळख तालमीतली. आमच्या घरी आले की माझ्या नेमांची चेष्टा केल्याशिवाय ते बसत नसत.

“काय वैनी, आज काय काय सोडलंय? मीठ, का तेल? का आमालाच सोडलं?”

मी हसून पाणी आणून दिलं. पाणी गाळलेलंच आहे ना, हेही त्यांनी दर वेळेसारखं विचारून घेतलं. न गाळता दिलं तर त्यातले जीव त्यांच्या पोटात मरायचे आणि पाप माझ्या नावावर पडायचं, असा त्यांचा हिशोब. मग मालक आले, त्यांनी दार लोटून घेतलं, आणि मामांनी डबा उघडला.

आत तेलकट फडक्यात लोखंडाचे तुकडे होते. एक आखूड नळी, गोळ्या भरायचं भोकांचं चक्र, मुठीचा सांगाडा आणि काही बारीकसारीक भाग. इनामदारांच्या वडिलांचं ते रिव्हॉल्व्हर. खंडेनवमीला पूजेत मांडायचं आणि दसऱ्याला माळावर आपट्याच्या पूजेनंतर आभाळात एक बार काढायचा, अशी त्यांच्याकडची रीत. तो बार काढायचा मान मामांचा. लायसनवर राखणदार म्हणून त्यांचंच नाव होतं. पण त्या पावसाळ्यात ट्रंकेत ओल शिरली. वरचा निकेलचा मुलामा भिंतीच्या पोपड्यासारखा सुटला आणि खालून गंज वर आला. कोल्हापूरच्या दुकानदारानं दिवाळीनंतरचा वायदा केला. सरकारांना, म्हणजे इनामदारांना, ते दसऱ्याला चकचकीत हवं होतं. तेव्हा मामांना आमचं घर आठवलं.

मी हळूच म्हणाले, मला याला हात लावता यायचा नाही.

मामांनी कारण विचारलं. आमच्या जैनांच्या व्रतांत हिंसादान म्हणून एक दोष सांगितला आहे, ते मी सांगितलं. जिवाचा घात होईल अशी वस्तू दुसऱ्याला करून द्यायची नाही, पुरवायची नाही.

“मग आमची बायको तुमची विळी मागून न्यायची, तवा?”

“ती खोबऱ्यासाठी, मामा.”

“ह्ये बी तसंच की. वर्सातनं एकदा नारळ फोडल्यागत वाजवायचं. मी हातात घेतल्यापासनं ह्येनं एक कावळा मेला न्हाई, वैनी. देवाम्होरं ठेवायची वस्तू हाय. तुमी देव घासताच की.”

मालक हसले. ते म्हणाले, हे हत्यार नव्हेच, नुसते सुटे तुकडे. जोडणार मामा, आपण नाही. मला ते पटलं असं नाही, पण त्यांच्या मित्राचा शब्द होता, आणि नळीवर बारीक वेलबुट्टी होती. तसल्या नक्षीवर मालकांचा हात जड पडायचा. मोटर मलाच धरावी लागणार होती. त्या कामापायी एक उपास करीन असं मनाशी ठरवून मी मान हलवली.

जाताना मामांनी चेष्टा बाजूला ठेवून दोन बारके तुकडे वेगळे काढून दाखवले. एक चाप, एक घोडा. घोडा म्हणजे मागं ओढायचा भाग, तो सुटून आपटला की गोळी उडते. “ह्ये आतलं हाय. ह्येला नुसतं पुसायचं. मोटर लावायची न्हाई.” आणि दुसरी गोष्ट, बाहेर कुणाकडे एक शब्द नको. आमच्यासारख्या घरी असलं काम देणं कायद्यात बसत नव्हतं. सापडलं असतं तर सरकारांचं लायसन गेलं असतं आणि आमचे मालक आत गेले असते.

काम सुरू झालं. गंज घासून काढणं मालकांनी केलं, मग एकेक तुकडा माझ्याकडे आला. चांदी मऊ असते, चाकाला लगेच वश होते. लोखंड तसं नव्हतं. ते हाताला झटके द्यायचं, तापायचं, आणि बराच वेळ काहीच दाखवायचं नाही. मग एकाएकी काळ्या राखेतून कुणीतरी डोळे उघडावेत तसं चमकायचं. नळीवरची वेल वर आली, तिच्यात एक मोर निघाला. आव्वांनी चष्मा लावून तो मोर पाहिला. मला ते काम आवडायला लागलं होतं. सकाळी जपाला, सामायिकाला बसले की माळेच्या मण्यांऐवजी तो मोर डोळ्यांपुढे यायचा. मी डोळे उघडून पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची.

शेवटी ते दोन आतले तुकडे राहिले. चाप पुसून ठेवला. घोडा पुसताना माझा अंगठा अडला. त्याच्या पोटाला एक खाच होती आणि खाचेचा ओठ नखासारखा धारदार होता. नळी गुळगुळीत, चक्र गुळगुळीत, मूठ गुळगुळीत. एवढ्या हत्यारात हाताला टोचणारी धार ती एवढीच.

मामांनी सांगितलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, मोटर लावू नका म्हणजे वाकडं-तिकडं करू नका, एवढंच. आणि दुसरंही एक वाटलं. या कामात हात घालून दोष तर लागलाच आहे, निदान या हत्याराची एक धार तरी आपल्या हातानं कमी होऊ दे. मनात णमोकार मंत्र म्हणत मी तो तुकडा चाकावर धरला. लोखंड थोडं कुरकुरलं आणि मग गप्प झालं. अंगठा फिरवून पाहिला. पाण्यावरनं फिरल्यागत.

त्या संध्याकाळी सामायिकात मन लगेच स्थिर झालं. कितीतरी दिवसांनी माळ अडखळल्याशिवाय पुरी झाली.

बाहेरच्या तुकड्यांवर मालकांनी मुलामा चढवला आणि डबा परत गेला. मामांनी ते जोडलं आणि नवमीच्या आदल्या दिवशी मुद्दाम येऊन सांगून गेले, की सरकारांनी नळीत बघून मिशीला पीळ दिला. पॉलिशवाली कोण म्हणून सरकारांनी विचारलं, तेव्हा मामांनी कोल्हापूरच्या कुणाचं तरी नाव सांगितलं. “तुमचं नाव झालं असतं वैनी, पण तुमालाच ते नको.” मला नाव नको होतं हे खरं, तरी ऐकताना बरं वाटलं.

दसऱ्याला मी पहाटे बस्तीत गेले. बस्ती म्हणजे आमचं जिनमंदिर. त्या वर्षी तिथं एका साध्वींचा, आर्यिका माताजींचा, चातुर्मासाचा मुक्काम होता. त्यांच्यापुढे मी रोज सकाळी दिवसाचा नियम घ्यायची: आज अमुक पदार्थ नाही, आज अमुक वेळ मौन, आणि आज अमुक जागेच्या पलीकडे पाऊल नाही. फिरण्याची जागा जेवढी आखडावी तेवढी हातून होणारी हिंसा आखडते, असं त्यामागचं सांगणं. माझी जागा ठरलेली होती. पूर्वेला ओढ्यावरचा पूल. त्याच्या अलीकडेच. आषाढापासून माझा एकही नियम मोडला नव्हता, आणि माताजींनी चार बायकांच्या देखत तसं म्हटलंही होतं. त्या दिवशीही मी हात जोडून तेच म्हटलं आणि घरी आले.

मालक पहाटेच्या गाडीनं कोल्हापूरला गेले होते, सणाचा माल व्यापाऱ्याकडे पोचवायला. मी आणि आव्वा झेंडूचं तोरण ओवत होतो. शेजारची त्रिशला, नवी नवरी, एका पायात पैंजण आणि एक हातात घेऊन आली. सकाळपासून दोनदा गळून पडलं म्हणाली. आव्वांनी ते हातात घेतलं, आकडा कडीत अडकवला, जरासं ओढलं. आकडा निसटला.

“ह्येच्या आकड्याची धार कुणी मारली?”

“मीच. टोचत होती.”

“अगं, फिरायची जागा गुळगुळीत पाहिजे. धरायची जागा न्हाई. धरायची जागा घासलीस तर त्येनं धरायचं कशानं?”

आव्वांनी चिमट्यानं आकडा वाकवून त्रिशलेला पैंजण परत दिलं. ती गेली तरी मी तिथंच बसून होते. माझा अंगठा बोटावर फिरत होता. घोडा मागं ओढला की तो कशाला तरी अडकून थांबत असणार. चाप ओढेपर्यंत तो थांबायला हवा. ज्याला अडकून थांबायचं, तीच ती खाच.

मी आव्वांना सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. त्यांना बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण आकडा आणि कडी कळत होती.

“जा,” त्या म्हणाल्या. “दत्तूला गाठ. बार काढू नको म्हणावं.”

“माझा पुलाचा नियम आहे.”

“मोडंल. त्येला प्रायश्चित्त असतंय. एक उपास जास्तीचा कर. जा तू.”

मी पदर खोचून निघाले. पुलापर्यंत जवळपास पळतच गेले. आणि तिथं थांबले.

पूल लहानसा. ओढ्याला गुडघाभर पाणी. पलीकडे उसाचे फड आणि फडांच्या वर माळवाडीच्या माळाची कड. पाऊल उचलायचं तेवढं बाकी होतं. आणि नेमकी तेव्हा फुलंवाली हौसा मागून आली, डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन, माळवाडीला विकायला निघालेली. मला वाटलं, वाट निघाली. नियमही राहील आणि निरोपही जाईल.

पण निरोप काय द्यायचा? रिव्हॉल्व्हर हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता. मी म्हणाले, इनामदारांकडच्या दत्तूमामांना सांग, डब्यातलं काम कच्चं राहिलंय, ते वापरू नका, आजच परत पाठवा. हौसा म्हणाली, सांगते की. माझ्या आवाजात तिला घाई दिसली नसावी. माझा आवाज असाच. आव्वा म्हणायच्या, घराला आग लागली तर ही शेजाऱ्याला विचारील, तुमचं जेवण झालं का.

मी पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिले. माणसं नवे कपडे घालून पलीकडे जात होती, सीमोल्लंघनाला. ओळखीच्या बायका विचारत होत्या, येता का राजाक्का? मी नाही म्हणून मान हलवायची. हौसा दुपार कलल्यावर रिकामी पाटी घेऊन परत आली. निरोप पोचला होता. मामा पूजेच्या गडबडीत होते. हसून म्हणाले होते, वैनींना सांग, आता आणखी चमक नको, सरकारांचे डोळे दिपतील. दसरा झाला की देतो पाठवून.

“वापरू नका म्हणून सांगितलंस?”

“सांगितलं की. त्ये म्हनले, वापरायचं काय त्यात, पूजेलाच तर हाय.”

तेव्हाही वेळ होता. बार सूर्य कलल्यावर व्हायचा. चांगलं पाऊल उचललं असतं तर अर्ध्या तासात मी माळावर असते. मी पुलाच्या टोकापर्यंत गेले. उजवा पाय उचललासुद्धा. मग मनात आलं, मामा जुने फौजी आहेत, जोडताना त्यांनी तपासलं असेलच. मनात आलं, कदाचित ती खाच त्या कामाची नसेलही, मला काय कळतंय. मनात आलं, आषाढापासून एकही मोडला नाही. उद्या माताजींपुढे कोणत्या तोंडानं उभी राहू, हेही आलं. एकामागून एक येत गेलं आणि पाय परत आपल्या जागी टेकला.

मग माळाकडून आवाज आला. एकच. फडातले बगळे उठले.

“झाला सरकारांचा बार,” पुलावरचा कुणीतरी म्हातारा म्हणाला आणि त्यानं माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली.

माझा ऊर मोकळा झाला. बार झाला म्हणजे सगळं ठीक. उगीच घाबरले. मी पानं डोक्याला लावली, घरी गेले, आव्वांना म्हटलं, झालं व्यवस्थित. सूर्यास्ताआधी दोघी जेवायला बसलो. पुरणपोळी होती. मी एक जास्तीची घेतली.

आव्वा देवाजवळ दिवा लावत होत्या तेव्हा मालक आले. चप्पल काढायचं भान नव्हतं. कोल्हापूरहून येणाऱ्या गाडीतच त्यांना कळलं होतं. माळावर रीतीप्रमाणे मामांनी नळी जमिनीकडे धरून घोडा मागं ओढला आणि सरकार आपट्याचं पान कधी तोडतात त्याकडे बघत उभे राहिले. पान तुटलं की हात वर जायचा. पण हात वर जायच्या आधीच गोळी उडाली आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यातून आरपार गेली. बैलगाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

मी मालकांना सगळं सांगितलं. खाच, हौसा, पूल. ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. म्हणाले, आता बोलून त्याचा गुडघा परत येत नाही. मला आत जावं लागेल, तेवढंच होईल. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाय कापावा लागला नाही, पण तो परत वाकलाही नाही. सरकारांनी आपलं वजन वापरून प्रकरण मिटवलं. स्वतःच्या चुकीनं गोळी सुटली, असं मामांनी लिहून दिलं. ते खोटंच होतं असं त्या वेळी त्यांनाही ठाऊक नसावं. मग गावाची तोंडं सुटली. फौजेत आयुष्य गेलं आणि स्वतःच्याच पायावर बार काढला. अंगठा सुटला म्हणे. अंगठा असाच सुटतो होय, घेतली असणार. मामा आयुष्यात कधी प्यायले नव्हते. पण सणाचा दिवस होता, आणि लोकांना हे दुसरं कारण जास्त पटलं. सरकारांनी राखणदारी काढून घेतली. पुढच्या दसऱ्यापासून बार दुसराच कुणीतरी काढू लागला.

चातुर्मास कार्तिकात संपला. नियम सुटल्यावर मी पहिली गोष्ट केली ती माळवाडीला जायची. मालक म्हणाले, येतो. मी म्हटलं, नको.

मामा सोप्यात खाटेवर होते. पाय उशीवर, काठीसारखा ताठ. त्यांची मुलगी मालन चूल बघत होती, वयानं विशीतली, आई नसल्यानं घर तिच्याच अंगावर. ती मला पाणी देऊन आत गेली, आणि आतूनच कुणाला तरी ऐकू जावं असं बोलली, की बघायला येणारे खूप आहेत, सणासुदीला घेऊ नका म्हणून सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. मामांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

“काय वैनी,” ते म्हणाले. “आज काय सोडलंय?”

मी खाटेजवळ सरकले. मग हलक्या आवाजात सांगितलं. धार कशी लागली, ती मी का घासली, दसऱ्याच्या सकाळी आव्वांनी आकडा कसा ओढून पाहिला. मामांनी उशीखाली हात घालून एक कापडाची पुरचुंडी काढली आणि उलगडली. घोडा. सरकारांनी रिव्हॉल्व्हर कोल्हापूरला पाठवून नवा बसवून घेतला होता, जुना मामांनी मागून घेतला होता. पडल्यापडल्या ते तोच बघत असत.

“मला वाटलंच व्हतं,” ते म्हणाले. “घरात कितीदा तरी ओढून बघितला. धरायचा. शेवटाला निसटला. तुमचं चुकलं तसं माझं बी चुकलं. पुसा म्हणून सांगायचं आन् तुकडा पॉलिशवालीच्या हातात द्यायचा. हात थांबतोय व्हय.” आणि चक्क हसले. “धार काढली म्हणं. वैनी, तुमी जगावेगळ्या.”

ते हसले म्हणून मला धीर आला. मी उरलेलंही सांगितलं. की हौसाच्या निरोपाचं उत्तर आल्यावरही वेळ होता. की मी दुपारभर पुलावर होते. की पाय उचलला होता.

मामांचं हसू तसंच राहिलं, पण त्यातलं काहीतरी निघून गेलं.

“पुलापातूर आला व्हता?”

मी मान हलवली.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आत चुलीवर मालन काहीतरी ढवळत होती. मला वाटलं आता ते जा म्हणतील. मी ते ऐकायला बसून राहिले.

भिंतीकडे बघतच ते हळू आवाजात बोलले. चेष्टा नव्हती, राग नव्हता.

“मालनला वाटतंय मी प्यालो व्हतो. गाव काय बी म्हणू दे. तिला तसं वाटतंय.”

“मी आत्ता सांगते तिला.”

“आत्ता न्हाई. तिचं तोंड तुमी बघताय. ती उठून सरकारांच्या दारात जाईल. धनपाल आत जाईल, आन् मी लिहून दिलेलं खोटं ठरंल. मी हाय तवर न्हाई.” मग ते माझ्याकडे वळले आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. “मी गेलो की या. तिच्याम्होरं बसा, आन् ह्यो तुकडा दावून सांगा, तुज्या बाचा अंगठा सुटला न्हवता. एवढंच. सांगणार न्हवं?”

“सांगीन.”

“कुणाच्या हाती निरोप नको, वैनी. पूल वलांडून या.”

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. बाजाराच्या दिवशी काठी टेकत हुपरीला यायचे, आमच्याकडे गाळलेलं पाणी प्यायचे. मी पुढं होऊन पाणी द्यायची आणि ते विचारायचे, आज काय सोडलंय. पोरंटोरं मागून ओरडायची, मामा, बार काढा की. ते काठी वर करून तोंडानं ठो करायचे आणि पोरं पळायची. ते मी आमच्या दारातून कितीदा पाहिलं. पुरचुंडी मोडीच्या चांदीच्या पेटीत तळाशी होती.

आव्वा गेल्या. मालक गेले. इनामदारांची पोरं पुण्याला गेली, रिव्हॉल्व्हर सरकारजमा झालं असं ऐकलं. बफची मोटर आता सून चालवते. मी तिला धार नको म्हणून शिकवलं, आणि आकडा कुठे घासायचा नाही, ते आधी शिकवलं.

परवा हौसाची सून फुलं घेऊन आली. तिनं सांगितलं, दत्तूमामा गेले. झोपेतच. मालन सासरहून आली आहे, दिवसकार्य होईपर्यंत इथेच आहे.

आज सकाळी बस्तीत गेले. हात जोडले. पदार्थाचा नियम घेतला, मौनाचा घेतला नाही. पुलाचा घ्यायची वेळ आली तेव्हा ओठ मिटून घेतले आणि नमस्कार करून उठले. घरी आल्यावर सुनेनं विचारलं, आज एवढ्या सकाळी कुठं? मी म्हटलं, माळवाडीला. ती म्हणाली, ऊन चढायच्या आत रिक्षा करते. मी म्हटलं, नको, चालत जाते.

पेटीच्या तळातून पुरचुंडी काढली, उघडून पाहिली. खाचेवर अंगठा फिरवला. अजून तसंच, पाण्यावरनं फिरल्यागत. परत बांधून पदराच्या टोकाला गाठ मारली.

पुलावर कुणी नव्हतं. ओढ्याला थोडं पाणी होतं. मी चप्पल काढून हातात घेतली आणि उजवा पाय उचलला.